तुझ्या फळ्यावरच्या तुरी

दिगंबर, तुझ्या पिंडाला कावळा शिवला. सव्वा तास लावला त्यानं, पण शिवला. तू सुटलास. अडकलो मी.

हे कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही, आणि सांगण्यासारखं माणूस एकच होतं. तीर्थपुरीच्या स्टँडसमोर तुझ्या हॉटेलच्या बाकावर मी काल बसलो होतो. तुझ्या प्रकाशनं चहा आणून दिला. पोरगं तुझ्यापेक्षा चांगला चहा करतं, हे तू असताना मी बोललो नाही, आता बोलतो. पण समोर तू नाहीस तर त्या बाकावर बडबडायचं कुणाशी? म्हणून आज घरी लिहायला बसलो. शुद्धलेखनाच्या चुका काढू नकोस. ते काम आपल्यात माझं होतं.

त्या कावळ्यावर तू आधी पोट धरून हसला असतास. आठवतं, पांडुरंगकाकाच्या दहाव्याला आपण दोघं मागं उभे होतो, कावळा काही येईना, आणि तू माझ्या कानाशी लागलास? "मास्तर, एक सांगू? बिलकुल उपयोगाचं न्हाई, पण ऐक." तुझं प्रत्येक ज्ञान याच वाक्यानं सुरू व्हायचं. "कावळा शिवत न्हाई म्हंजी माणसाची इच्छा राह्यली, असं लोक म्हणतेत. तसं काही न्हाई. आज गोदाकाठी अजून दोन दहावे हायेत. ते बेणं तिकडं जेवून आल्तं. त्याला भूक लागू दे, बराबर येतंय." आणि अर्ध्या तासानं तो आला. तिकडं काकू रडत होती आणि इकडं मी ओठ दाबून उभा. त्या दिवशी तुझा मला इतका राग आला होता की चार दिवस हॉटेलात आलो नाही. पाचव्या दिवशी खडू संपले म्हणून तूच शाळेत आलास.

तुझ्या दहाव्याला तोच घाट, तोच दर्भ, फक्त पिंड तुझा. प्रकाश हात जोडून म्हणाला, हॉटेल बंद पडू देणार नाही. कावळा बाभळीवरून हलला नाही. आईला अंतर देणार नाही म्हणाला. कावळ्यानं पाठ फिरवली. वहिनींचे भाऊ म्हणाले, तुमचा फळा रोज लिहू. तरी नाही. ऊन चढलं. भटजी घड्याळ बघायला लागले. मग सरपंच पुढं आले आणि म्हणाले, "भिवाजीच्या दगडाचं राह्यलं असंल. दिगंबरअण्णाचा जीव त्याच्यात अडकला." सगळ्यांना ते पटलं. सगळे माझ्याकडं वळले. "गुरुजी, तुम्ही दोस्त त्याचे. दगडावरचा मजकूर लिहून देतो म्हणा. तुमचं ऐकंल तो."

मी काय करणार होतो, सांग. पायात गोदावरीचा चिखल, समोर सगळं गाव, आणि वहिनी पदराआडून माझ्याकडं बघत होत्या. मी हात जोडले. "दिगंबर, भिवाजीचा दगड बसवू. मजकूर मी लिहीन," असं मोठ्यानं म्हणालो. आणि तो मेला कावळा भर्रकन खाली उतरला. लोकांच्या तोंडून श्वास सुटला. कुणीतरी माझ्या पाठीवरून हात फिरवला. मला मात्र ठाऊक होतं की त्याला भूक लागली होती, बस.

आणि त्या सगळ्या गर्दीत हेही मला एकट्यालाच ठाऊक होतं की तुला तो दगड नकोच होता.

आता तुला माहीत असलेलंच पुन्हा सांगणार आहे, राग मानू नकोस. मला एकदा सगळं क्रमानं मांडायचं आहे. जन्मभर पोरांना 'मुद्देसूद लिहा' म्हणून ओरडलो, आता माझी पाळी.

तुझ्या गल्ल्यामागं तो काळा फळा होता. वर 'आजचं ज्ञान' असं पांढऱ्या रंगात कायमचं लिहिलेलं, आणि खाली रोज सकाळी नवं काहीतरी. खडू माझ्या शाळेचे. मधमाशीला पाच डोळे असतात. ऑक्टोपसला तीन काळजं असतात. फुलपाखरू पायानं चव घेतं. शहामृगाचा डोळा त्याच्या मेंदूपेक्षा मोठा असतो. त्याखाली कुणीतरी गावातल्या एका पुढाऱ्याचं नाव लिहून गेलं आणि तू ते दुपारपर्यंत पुसलं नाहीस. कापूस घेऊन आलेली माणसं, शाळेची पोरं, बियाण्याच्या दुकानातले हमाल, सगळे चहा पिता पिता ते वाचायचे, हसायचे आणि आपल्या गाडीला निघून जायचे. मी एकदा विचारलं, याचा कुणाला काय उपयोग? तू म्हणालास, "उपयोगाचं सांगायला हज्जार लोक बसलेत. बियाणंवाला सांगतंय, डॉक्टर सांगतंय, तू सांगतूस. माणसाला घडीभर बिनउपयोगाचं नको का?"

इथवर माझी काही तक्रार नव्हती. पण तू म्हणींच्या जन्मकथा लिहायला लागलास, तिथं आपलं बिनसलं. तुझ्या फळ्यावर मराठीतली एकही म्हण पुण्यात किंवा काशीत जन्मली नाही. 'काखेत कळसा नि गावाला वळसा' म्हणे घनसावंगीची. 'नाचता येईना अंगण वाकडं' त्याच्या पलीकडच्या वाडीची. 'उंटावरचा शहाणा' ज्या वेशीपाशी अडला आणि ज्याच्यासाठी वेस पाडावी लागली, ती वेस जाफराबादची. आणि प्रत्येक कथेखाली तुझे ते दोन शब्द: 'असं म्हणतात.' मी विचारायचो, "कोण म्हणतं?" तू म्हणायचास, "लोक." मी म्हणायचो, "कोणते लोक? नाव सांग." तू म्हणायचास, "चहा घे."

एकदा लग्नाच्या निमित्तानं जाफराबादला गेलो तेव्हा मी खरंच शोधाशोध केली, हे तुला कबूल केलं होतं ना? एक जुनी पडकी भिंत सापडली. तिच्या नादात जालन्याची गाडी गेली आणि चार तास मी त्या स्टँडवर जीपगाड्यांचे हॉर्न ऐकत बसलो. 'जालना सोने का पालना' म्हणणाऱ्याची गाडी कधी चुकली नसावी. परत आलो तर तू विचारलंस, "भिंत हाय ना?" मी म्हटलं, आहे. "पडली ना?" पडलीय. "मंग?"

आणि मग त्या सहामाही परीक्षेत माझ्या वर्गातल्या अकरा पोरांनी 'उंटावरचा शहाणा'चा अर्थ म्हणून जाफराबादची वेस लिहिली. अकरा! मी पेपरांचा गठ्ठा घेऊन तुझ्या हॉटेलात आलो. बाजाराचा दिवस, बाक भरलेले. मी सगळ्यांसमोर तुला झापायला लागलो. म्हणालो, "असल्या कथा रचायला काय अक्कल लागते? मी उभ्या उभ्या दहा रचतो. ही घे. हातावर तुरी देणे." तू म्हणालास, "ही म्हण चांगली हाय." मी म्हणालो, "म्हण नाही, वाक्प्रचार आहे." आणि सुरू झालो.

काय रचलं मी? आपल्या गावात खरंच होऊन गेलेला तुरचोर भिवा. निजामाच्या अमलात मोठ्या रानातून तुरीच्या शेंगा चोरताना सापडला. शिपाई त्याला चौकीवर नेत होता. वाटेत भिवा म्हणाला, "भाऊ, या शेंगा जरा हातावर धर, माझं धोतर सुटून राह्यलं." शिपायानं शेंगा धरल्या, भिवानं धोतर धरलं आणि तो जो पळाला तो पळालाच. मी धोतर धरून पळण्याची नक्कलही केली. अख्खं हॉटेल हसलं. कुणाला तरी चहाचा ठसका लागला. वर्गात तीस वर्षांत माझ्या शिकवण्याला असं कुणी हसलं नव्हतं. तुला म्हणून सांगतो, मला ते फार आवडलं. तुझ्या धंद्याची चव मला त्या दिवशी कळली. तू एकटाच हसला नाहीस. मला वाटलं, जळलास.

दुसऱ्या दिवशी फळ्यावर माझी गोष्ट होती, पण ओळखू न येणारी. भिवाचा भिवाजी झाला होता. तो उपाशी बायकापोरांसाठी तुरी घेऊन चालला होता. चौकीवर शिपायानं अडवलं तेव्हा त्यानं शिपायाच्याच हातावर मूठभर तुरी ठेवल्या आणि म्हणाला, तूही उपाशी दिसतोस, खा. शिपाई खात बसला आणि भिवाजी पुढं निघून गेला. त्या तुरी शिजल्या आणि घर जेवलं. असं म्हणतात. ही गोष्ट तू आठ दिवस पुसली नाहीस. तुझ्या फळ्यावर एवढं आयुष्य दुसऱ्या कशाला मिळालं नव्हतं.

मी भांडलो. म्हणालो, माझी गोष्ट चोरलीस ती चोरलीस, वर सपक केलीस. तू फडक्यानं काचेचे ग्लास पुसत एवढंच म्हणालास, "तुझ्या गोष्टीचा शेवट बराबर नव्हता. दुरुस्त केला." मी! जन्मभर लाल शाईनं दुसऱ्यांचे शेवट दुरुस्त करणारा! मी तो शेरा दहा-बारा वर्षं मनात धरून होतो.

गोष्ट गावभर झाली. भिवाजीची लेक गयाबाई, मोसंबी विकायला स्टँडवर बसणारी, तिच्या नातीनं पंधरा ऑगस्टला शाळेत तीच गोष्ट भाषण म्हणून सांगितली. मी मंचावर खुर्चीत. पोरीला पहिला नंबर द्यावा लागला. तेव्हापासून दरवर्षी मी तुझ्यामागं लागायचो की हे थांबव, लोक खरं मानायला लागले, एकदा सांगून टाक. तू म्हणायचास, "तूच सांग की. गोष्ट तुझी हाय." आणि मी चहाचे पैसे ठेवून उठायचो, कारण तीही खरीच गोष्ट होती.

मग यंदा ग्रामपंचायतीनं ठरवलं की स्टँडसमोरच्या चौकात भिवाजीच्या नावाचा दगड बसवायचा, त्यावर ही कथा कोरायची. मला वाटलं, आता हा गृहस्थ हवेत जाणार. पण तू घाबरलास. मी तुला पन्नास वर्षं ओळखत होतो, घाबरलेला पहिल्यांदा पाहिला. "दगड नको, मास्तर," तू म्हणालास. "फळ्याचं बराबर असतंय. सकाळी लिहा, सांजंला पुसा. दगडावर लिव्हलं की कुणीतरी शहाणं खरं-खोटं बघायला येतंय. मंग त्याला परत चोर करतील." मी विचारलं, "तुला काय एवढं पडलंय भिवाचं? मेला तो कधीच." तू काहीतरी सांगणार होतास. तेवढ्यात परतूरची गाडी लागली, गिऱ्हाईक आलं, आणि तू म्हणालास, "उद्या सांगतो."

उद्या तू नव्हतास. फळ्यावर सकाळचं अर्धं वाक्य राहिलं आहे: 'गोगलगाय एकदा झोपली की'. पुढं काही नाही. वहिनी कुणाला हात लावू देत नाहीत. मी काल ते वाचलं आणि मला रडू आलं. गोगलगायीनं पुढं काय केलं ते मला माहीत आहे रे, मी ते वाचलेलं आहे, पण मला ते तुझ्याकडून ऐकायचं होतं.

तर असा मी अडकलो. दगडाला नाही म्हणावं, तर का नाही हे सांगावं लागेल, म्हणजे गोष्ट खोटी आहे हे सांगावं लागेल, म्हणजे भिवा पुन्हा तुरचोर. हो म्हणावं, तर ज्या हातानं पोरांना 'पुरावा द्या' म्हणून शून्य दिलं, त्याच हातानं दगडावर थाप लिहायची. शिवाय तुझी इच्छा मोडायची, आणि तीही तुझ्या पिंडासमोर तुझी शेवटची इच्छा म्हणून जाहीर करून. पळायला वाट नव्हती. शिपायाच्या हातावर द्यायला माझ्याजवळ तुरीही नव्हत्या.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी गयाबाई घरी आली. उंबऱ्याच्या आत येईना. पिशवीतून चार मोसंब्या काढून पायरीवर ठेवल्या.

"गुरुजी, दगड बसवून राह्यले म्हणे."

"हो. मजकूर मला लिहायचाय."

"कोन्ता लिव्हता?" ती म्हणाली. "तुमचा का दिगूभाऊचा?"

दिगंबर, माझ्या हातातला पेला तसाच राहिला. मी विचारलं, "माझा म्हणजे?"

"त्या बाजाराच्या दिवशी म्या तिथंच होते. हाटेलाच्या भिंतीला टेकून, पाटी घेऊन बसल्ते. जीपची वाट बघत. तुम्ही धोतराची नक्कल केली, ती काही दिसली न्हाई मला. हसनं ऐकू आलं. तुमचंबी ऐकू आलं." तिच्या आवाजात राग नव्हता, तो असता तर बरं झालं असतं. "दिगूभाऊ मंग बाहेर आल्ता. मला बघितलं त्यानं. चहा आणून दिला. दुसऱ्या दिवशी पोरीकडून वाचून घेतलं तवा कळलं का बापाला माझ्या 'जी' लावला त्यानं."

मी म्हणालो, "गयाबाई, चुकलो मी. मला माहीत नव्हतं तुम्ही तिथं होता."

"असतं माहीत तर हळू बोलले असते," ती म्हणाली. हे तिनं मला लागावं म्हणून म्हटलं नाही, आणि म्हणूनच ते अजून टोचतं आहे.

मग ती बसली. म्हणाली, "मला काय ठाऊक न्हाई का बाप माझा कसा होता? चोरल्याच होत्या त्यानं तुरी. पळून-बिळून कुटं गेला न्हाई, तीन दिवस बसवून ठिवला चौकीवर. पर का चोरल्या ते कुनी इचारलं न्हाई. माझी माय बाळंतीण. म्या आठ दिसाची. घरात दाना न्हवता. त्याला पकडायच्या आधी त्यानं ओटीभर शेंगा मायच्या हवाली केल्त्या. मायनं खाल्ल्या, मंग माझ्यापुरतं दूध सुटलं. हे मी कुनाला सांगितलं न्हाई. दिगूभाऊलाबी न्हाई. त्यानं आपल्याच मनानं लिव्हलं का उपाशी बायकापोरं जेवली." तिनं पिशवीची घडी घातली. "तवा त्याचं लई काही खोटं न्हाई, गुरुजी. तुम्ही मोजून बघा."

मी मोजून बघितलं. जन्मभर मी तुला थापाड्या म्हटलं, चारचौघांत म्हटलं, तुझ्या पोरासमोर म्हटलं. आणि तू एकदाही उलटून म्हणाला नाहीस की मास्तर, त्या दिवशी तुझ्या विनोदाखाली एक बाई बसली होती आणि मी फक्त ते झाकत होतो. इतकी वर्षं माझी चूक तुझ्या फळ्यावर तुझ्या नावानं लागली. 'उद्या सांगतो' म्हणालास ते हेच का? नसेलही. तू बहुतेक सांगितलंच नसतंस. काहीतरी मधमाशीचं सांगून वेळ मारून नेली असतीस. तुझ्या या चांगुलपणाचाही मला राग येतो आहे, कारण त्याचे आभार मानायला तू जागा ठेवली नाहीस.

जाता जाता गयाबाई म्हणाली, "नात माझी डीएडला जाती म्हनती. गुरुजी व्हायचंय तिला. जल्दी लिहून द्या, तिला वाचू द्या."

रात्रीपर्यंत थांबलो नाही, दुपारीच कागद घेतला. तुझी गोष्ट जशीच्या तशी उतरवली. फक्त एक केलं: शिपायाला तुरी दिल्यावर भिवाजी कुठं गेला ते तू लिहिलं नव्हतंस, मी लिहिलं. घरी गेला. घरी बाळंतीण होती. शेवटी लेखणी अडली. मग तुझे ते दोन शब्द लिहिले, जे मी पोरांच्या वह्यांतून लाल शाईनं शेकडो वेळा खोडले होते.

आज सकाळी दगड कोरणाऱ्याकडं गेलो. त्यानं कागद दोनदा वाचला. म्हणाला, "गुरुजी, शेवटी 'असं म्हणतात' लिव्हलंय. कोण म्हणतं? खाली कुणाचं नाव टाकायचं का?"

दिगंबर, तू म्हणाला होतास की दगड पाहून कुणीतरी शहाणं खरं-खोटं करायला येईल. येईलच. माझ्यासारखे अजून पुष्कळ आहेत. त्यानं आल्यावर कुणाला धरायचं, एवढंच ठरवायचं होतं. भिवाजीला नाही. तुलाही नाही, तू पुष्कळ ऐकून घेतलंस.

"टाक," मी म्हणालो. "माझं टाक. पूर्ण नाव, पुढं शिक्षक."

त्यानं छिन्नी उचलली आणि माझ्याकडं बघितलं. "एकदा कोरलं का पुसता येत न्हाई बरं का, गुरुजी."

"म्हणून तर," मी म्हणालो, आणि ते होईपर्यंत तिथंच बसून राहिलो.